चौकी आणि छावणी : सीमा लष्कराच्या हाती द्यावी काय?

१/
कुठे घुसखोर पकडले जातात, कुठे तारेचे कुंपण कापलेले आढळते, कुठे सीमेपलीकडून आलेला ड्रोन शेतात अमली पदार्थांची पाकिटे टाकून जातो. दुसऱ्या दिवशी एक मागणी ठरलेल्या आवेशाने उभी राहते: निमलष्करी दले हटवा, सीमा थेट लष्कराच्या हाती द्या. मागणी करणाऱ्यांना ती नवी वाटते. ती १९५९ साली एकदा मान्य झालेली आहे, आणि तिचा हिशेब १९६२ च्या ऑक्टोबरात चुकता करावा लागला आहे.

२/
या मागणीच्या मुळाशी एक गृहीतक आहे: जो अधिक बलवान, तो अधिक चांगला राखणदार. लष्कर पोलिसांहून बलवान आहे, यात वाद नाही. प्रश्न असा, की सीमेवर रोज जे काम करावे लागते ते बळाचे आहे काय?

३/
१९५० च्या दशकात तिबेटला लागून असलेली सीमा लष्कराकडे नव्हती. ईशान्येकडील नेफा, म्हणजे आजचा अरुणाचल प्रदेश, परराष्ट्र खात्याच्या अखत्यारीत होता आणि तेथील चौक्या आसाम रायफल्स सांभाळीत. लडाखमध्ये गस्त घालण्याचे काम इंटेलिजन्स ब्युरोच्या देखरेखीखालील पोलीस तुकड्यांचे. तट्टे, तंबू आणि रायफली एवढाच त्यांचा सरंजाम. जायचे, पाहायचे, नोंद करायची आणि परतायचे, असे त्या कामाचे स्वरूप.

४/
२५ ऑगस्ट १९५९ रोजी नेफातील लोंगजू चौकीवर चिनी सैनिकांनी गोळीबार केला आणि चौकी सोडावी लागली. नेफाची सीमा तत्काळ लष्कराकडे सोपवण्यात आली. दोन महिन्यांच्या आत, २१ ऑक्टोबरला, लडाखमधील हॉट स्प्रिंग्जजवळ करमसिंह यांची पोलीस तुकडी बेपत्ता सहकाऱ्यांच्या शोधात निघाली असता चिनी सैन्याने तिच्यावर उंचावरून मारा केला. १० पोलीस ठार झाले, करमसिंह व त्यांचे काही साथी कैद झाले. मृतदेह परत मिळायला नोव्हेंबरचा मध्य उजाडला. देशभरचे पोलीस २१ ऑक्टोबर हा 'पोलीस स्मृतिदिन' म्हणून पाळतात, तो याच घटनेमुळे.

५/
देश संतापला, आणि तो संताप रास्त होता. परकीय सैन्यापुढे मूठभर पोलीस उभे करणे हा त्या पोलिसांवरचा अन्याय होता. लडाखची सीमाही लष्कराकडे गेली. इथवरच्या निर्णयात खोट काढणे अवघड आहे. खोट पुढच्या पायरीत आहे.

६/
कारण सीमा लष्कराकडे गेली, पण काम बदलले नाही. 'ही भूमी आमची आहे' हे दाखवण्यासाठी ओसाड दऱ्याखोऱ्यांत हजर राहणे, हे जे काम पोलीस करीत होते तेच आता सैनिकांना सांगण्यात आले. २ नोव्हेंबर १९६१ रोजी पंतप्रधान नेहरू, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन, लष्करप्रमुख थापर आणि इंटेलिजन्स ब्युरोचे प्रमुख मलिक यांच्या उपस्थितीत झालेल्या बैठकीत शक्य तितके पुढे जाऊन चौक्या उभारण्याचे ठरले. इतिहासात हेच धोरण 'फॉरवर्ड पॉलिसी' या नावाने ओळखले जाते.

७/
त्या बैठकीच्या निर्णयात एक कलम शहाणपणाचे होते. पुढच्या चौक्यांच्या मागे, रसद पोहोचेल अशा ठिकाणी, मोठे सैन्यबळ एकवटून ठेवावे. प्रसंग आला तर ते वेगाने पुढे जाईल. लष्करी मुख्यालयातून खालच्या कमांडना जो हुकूम गेला त्यात हे कलमच गळले. पराभवानंतर चौकशी करणाऱ्या हेंडरसन ब्रुक्स आणि प्रेम भगत यांनी आपल्या अहवालात यावर बोट ठेवले. तो अहवाल सरकारने आजवर प्रसिद्ध केलेला नाही. २०१४ साली त्याचा काही भाग बाहेर आला, एवढेच.

८/
परिणाम काय झाला, हे गलवान खोऱ्यात दिसते. जुलै १९६२ मध्ये गुरखा सैनिकांची एक छोटी तुकडी तेथे चौकी थाटून बसली. काही दिवसांतच चिनी सैन्याने तिला चहूबाजूंनी घेरले. पुढचे तीन महिने त्या चौकीला अन्न व दारूगोळा आकाशमार्गाने पुरवावा लागला. ऑक्टोबरच्या आरंभी गुरख्यांची जागा घेण्यासाठी मेजर हसबनीस यांच्या नेतृत्वाखाली जाट पलटणीची तुकडी हेलिकॉप्टरने उतरवण्यात आली. मागे हटायला वाट नाही, मदतीला येणारे सैन्य नाही, भोवती शत्रू. २० ऑक्टोबरला हल्ला झाला. तुकडी लढली, तीसहून अधिक जवान पडले आणि मेजर हसबनीस कैद झाले.

९/
त्याच २० ऑक्टोबरच्या पहाटे, तेथून सुमारे दीड हजार किलोमीटर पूर्वेला, नामका चू नदीच्या काठी ब्रिगेडियर दळवी यांची सातवी ब्रिगेड चिरडली गेली. तेथील कथाही चौकीपासूनच सुरू होते. जूनमध्ये आसाम रायफल्सने धोला येथे चौकी उभारली, सप्टेंबरात चिनी सैन्य तिच्यासमोर येऊन ठाकले, आणि त्या एका चौकीसाठी संपूर्ण ब्रिगेड दरीच्या तळाशी नदीकाठाने मैलोन्‌मैल पसरण्यात आली. वरचा थागला डोंगर शत्रूच्या हाती होता. स्वतःच्या मर्जीने कोणत्याही सेनापतीने ती जागा लढायला निवडली नसती. दळवींना २२ ऑक्टोबरला कैद झाली; परतल्यावर त्यांनी 'हिमालयन ब्लंडर' लिहिले.

१०/
१९६२ चा पराभव एवढ्या एकाच कारणाने झाला असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. रस्ते नव्हते, थंडीचे कपडे नव्हते, चीन मोठा हल्ला करणार नाही असा दिल्लीचा समज होता. पण रस्ते आणि कपड्यांची चर्चा खूप झाली. सैनिकाला पहारेकरी केल्याने काय होते, याची फार थोडी झाली. सैन्याचे सामर्थ्य एकवटण्यात असते: कुठे लढायचे, केव्हा लढायचे हे स्वतः ठरवण्यात असते. दहा-वीस जणांच्या चौक्यांत वाटून टाकलेले सैन्य गणवेशाने सैन्य राहते. युद्धाच्या दृष्टीने ते विखुरलेले पोलीस ठाणे होते.

११/
अडीच वर्षांनी उलट चूक घडली. पाकिस्तानला लागून असलेली सीमा तेव्हा ज्या त्या राज्याच्या सशस्त्र पोलिसांकडे होती. पंजाबची वेगळी दले, राजस्थानची वेगळी, गुजरातची वेगळी. प्रशिक्षण, शस्त्रे, हुकूम देणारा अधिकारी, सगळेच निराळे. ९ एप्रिल १९६५ रोजी कच्छच्या रणातील सरदार चौकीवर पाकिस्तानची ५१ वी ब्रिगेड तोफखान्यासह चालून आली. समोर केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या दुसऱ्या बटालियनच्या थोड्याशा कंपन्या होत्या.

१२/
पोलीस पळाले नाहीत. सैन्याच्या पूर्ण ब्रिगेडला त्यांनी चौकी घेऊ दिली नाही. राखीव दल ९ एप्रिल हा आपला शौर्यदिन मानते, आणि तो मान रक्ताने कमावलेला आहे. पण शौर्याच्या कौतुकात मूळ प्रश्न झाकला जातो: ब्रिगेडसमोर पोलीस होतेच का? त्याच महिन्याच्या अखेरीस रणात पाकिस्तानी पॅटन रणगाडे उतरले, तोवर लष्कराला धाव घ्यावी लागली होती.

१३/
सहा वर्षांत दोन्ही चुका करून झाल्या. पोलिसांना युद्ध करायला लावले, आणि सैनिकांना पोलिसी करायला लावले. या अनुभवातून जे उत्तर निघाले ते १ डिसेंबर १९६५ रोजी अस्तित्वात आले: सीमा सुरक्षा दल. राज्यांच्या सीमेवरील पोलीस बटालियन एकत्र करून २५ बटालियननी आरंभ झाला. आज ती संख्या १९० च्या वर आणि मनुष्यबळ अडीच लाखांहून अधिक आहे.

१४/
या दलाचे पहिले प्रमुख खुसरो फरामुर्झ रुस्तमजी हे नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले पारशी पोलीस अधिकारी. मध्य प्रदेशाचे पोलीस प्रमुख असताना त्यांनी चंबळच्या दरोडेखोरांशी झुंज दिली होती. त्यांनी घडवलेले दल ना निखळ पोलिसी होते ना निखळ लष्करी. १९६२ नंतर घाईने भरती होऊन पुढे लष्करातून मोकळे झालेले तरुण अधिकारी त्यात सामावून घेतले गेले. ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला अकादमी उभी राहिली. पुढे दलाला स्वतःचा हवाई विभाग, जलविभाग आणि चक्क तोफखानाही मिळाला. या दलाला 'नुसते पोलीस' म्हणून हिणवणाऱ्यांच्या वाचनात ही शेवटची बाब बहुधा आलेली नसते.

१५/
आणखी एक नाव इथे येते, आणि मराठी वाचकाने ते विसरू नये. १९६५ च्या युद्धात संरक्षणमंत्री असलेले यशवंतराव चव्हाण १९६६ अखेर गृहमंत्री झाले, आणि त्यांच्याच कारकिर्दीत १९६८ चा सीमा सुरक्षा दल कायदा झाला. लष्कराची गरज आणि लष्कराची मर्यादा, दोन्ही जवळून पाहिलेल्या मंत्र्याच्या काळात ही विभागणी कायद्याने पक्की झाली. ती कोण्या खुर्चीबहाद्दराच्या डोक्यातून निघालेली नव्हती.

१६/
त्या कायद्यातील १३९ वे कलम या वादाचा कणा आहे. त्यानुसार केंद्र सरकार सीमा सुरक्षा दलाला पारपत्र, सीमाशुल्क आदी कायद्यांखाली झडती, जप्ती आणि अटकेचे अधिकार देऊ शकते. पकडलेला माणूस स्थानिक पोलिसांच्या हवाली करायचा, जप्त मालाची नोंद द्यायची, पुढे खटला उभा राहायचा. सीमेवरचे रोजचे काम असे कागदी, कंटाळवाणे आणि कायद्याने बांधलेले आहे. सैनिकाला एरवी हे अधिकार नसतात. १९५८ चा सशस्त्र दले विशेषाधिकार कायदा वापरायचा, तर आधी तो मुलूख 'अशांत' घोषित करावा लागतो. मुर्शिदाबाद आणि गुरुदासपूर अशांत घोषित करण्याची तयारी आहे काय? ही तयारी नसेल तर लष्कराने घुसखोराला कोणत्या कायद्याने पकडायचे?

१७/
'सीमेवर समोर कोण असतो' हा प्रश्न तर घोषणेत येतच नाही. बांगलादेशाशी ४,०९६ किलोमीटर सीमा आहे. तिच्यावर गुरे हाकणारा असतो, कामाच्या शोधात निघालेले कुटुंब असते, फसवून नेली जाणारी मुलगी असते, आणि त्यांच्या आड एखादा खरा शत्रूही असतो. सैनिकाचे प्रशिक्षण शत्रू ओळखून त्याला नष्ट करण्याचे. येथे आधी संशयिताला थांबवायचे, ओळख पटवायची, शेवटचा उपाय म्हणून गोळी झाडायची. मनुष्य तोच असला तरी हातात भिनलेली सवय वेगळी लागते.

१८/
ही सवय चुकली की काय घडते, त्याचे उदाहरण अमेरिकेत आहे. तेथे १८७८ पासून लष्कराने देशांतर्गत कायदा राबवण्यावर बंधन आहे. तरी १९९० च्या दशकात अमली पदार्थांच्या टेहळणीसाठी मेक्सिकोच्या सीमेवर सैन्य तुकड्या पाठवल्या गेल्या. मे १९९७ मध्ये टेक्सासमधील रेडफर्ड गावी झुडपांत दडून बसलेल्या मरीन सैनिकांनी १८ वर्षांच्या एका मुलाला गोळी घालून ठार केले. तो अमेरिकन नागरिक होता. शेळ्या चारत होता आणि जवळ एक जुनी .२२ बोअरची रायफल बाळगून होता. सैनिकांनी त्यांना जे शिकवले होते तेच केले. त्यानंतर सशस्त्र सैनिकांची ती टेहळणी थांबवावी लागली. २०१८ आणि पुन्हा २०२५ मध्ये तेथे सीमेवर सैन्य धाडले गेले, तेव्हा रेडफर्डची आठवण काढणारे थोडेच उरले होते.

१९/
सीमा सुरक्षा दल या बाबतीत निष्कलंक आहे असे कोणी म्हणणार नाही. जानेवारी २०११ मध्ये बांगलादेशाच्या सीमेवर कुंपण ओलांडणारी १५ वर्षांची मुलगी दलाच्या गोळीने मेली आणि तिचा देह तारेवर लोंबकळत राहिला. ते छायाचित्र ढाक्यात अजून विसरलेले नाहीत. गुरांच्या तस्करीच्या प्रकरणात दलाच्या अधिकाऱ्याला अटकही झाली आहे. पण संयमाचे प्रशिक्षण मिळालेले दल असे चुकत असेल, तर तेथे संयमाचे प्रशिक्षण नसलेले दल आणणे हा कोणत्या तर्काचा उपाय? आणि मोहाचे म्हणाल, तर तस्कराचा पैसा गणवेशाचा रंग पाहून थांबत नाही.

२०/
सीमेवर सैन्याऐवजी सीमादल असण्याचा आणखी एक लाभ एप्रिल २००१ मध्ये दिसला, अत्यंत कडू प्रसंगात. बांगलादेश रायफल्सने मेघालयातील पिरदिवाह गावाचा ताबा घेतला. त्यानंतर बोरोईबारी येथे झालेल्या चकमकीत सीमा सुरक्षा दलाचे १६ जवान मारले गेले. मृतदेहांची विटंबना झालेली पाहून भारतात संतापाची लाट उसळली. तरी युद्ध झाले नाही. दोन्ही बाजूंना सीमादले होती, सैन्ये मागे होती, आणि त्या मधल्या अंतरात दिल्ली व ढाका यांना बोलायला अवधी मिळाला. समोरासमोर दोन पायदळ पलटणी असत्या, आणि एका पलटणीचे १६ जवान असे परतले असते, तर तिच्या मागची ब्रिगेड किती तास थांबली असती? पुढे २०१५ च्या भूसीमा कराराने तेथील जुने तंटे कागदावर मिटले.

२१/
विरोधी पक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा चीनचा आहे, आणि तो टाळता येत नाही. प्रत्यक्ष नियंत्रण रेषा नकाशावर आखलेली नाही. जून २०२० मध्ये, त्याच गलवानमध्ये, २० भारतीय सैनिक धारातीर्थी पडले. पलीकडे चिनी सैन्याच्या हुकमातील दले असताना अलीकडे इंडो-तिबेट सीमा पोलीस गृहखात्याच्या आणि लष्कर संरक्षण खात्याच्या हुकमात, ही विभागणी तेथे धोक्याची ठरू शकते. जेथे रेषाच वादात आहे तेथे लष्कराचा शब्द अखेरचा असावा, हे मान्य करायला हरकत नाही. काश्मीरच्या नियंत्रण रेषेवर सीमा सुरक्षा दल लष्कराच्याच हुकमाखाली उभे असते. १९७१ च्या युद्धातही दल लष्कराच्या हुकमाखाली लढले. त्या वर्षीच्या एप्रिलअखेर लष्कराने सूत्रे हाती घेईतो मुक्तिवाहिनीला पहिला आधार दिला तोही याच दलाने. व्यवस्था अशी लवचिक आहे. वादग्रस्त रेषेचा अपवाद पुढे करून मान्य झालेल्या हजारो किलोमीटर सीमेवर लष्कर नेमा म्हणणे, हा मात्र हातचलाखीचा युक्तिवाद आहे.

२२/
कारगिलनंतरच्या आढावा समितीने, के. सुब्रह्मण्यम तिचे अध्यक्ष होते, स्पष्ट नोंदवले होते की लष्कर अंतर्गत बंडखोरीच्या बंदोबस्तात गुंतून पडले की त्याची मूळ युद्धसज्जता ढासळते. २००१ च्या मंत्रिगटाने 'एक सीमा, एक दल' हे सूत्र दिले: पाकिस्तान व बांगलादेश सीमा सुरक्षा दलाकडे, चीन इंडो-तिबेट सीमा पोलिसांकडे, नेपाळ आणि पुढे भूतान सशस्त्र सीमा बलाकडे, म्यानमार आसाम रायफल्सकडे. त्याच मंत्रिगटाने एक तक्रारही केली होती, ती घोषणाबाजांच्या कानी कधी पडत नाही. सीमेवरची दले वारंवार काढून अंतर्गत बंदोबस्ताला जुंपली जातात, आणि सीमा ओस पडते.

२३/
ती तक्रार आजही जशीच्या तशी उभी आहे. निवडणूक आली की सीमेवरून कंपन्या उचलायच्या. दंगल झाली की उचलायच्या. छत्तीसगड-ओडिशाच्या जंगलांत नक्षलवाद्यांविरुद्ध वर्षानुवर्षे हेच दल ठेवायचे. मागे राहिलेल्यांनी तेवढीच लांबी कमी माणसांत राखायची, लांबलेल्या पाळ्या करायच्या, रजा पुढे ढकलायच्या. आणि मग एखाद्या रात्री कुंपण कापले गेले की दिवाणखान्यातून विचारायचे: हे दल काय कामाचे? लष्कर सीमेवर आणण्याची मागणी करणाऱ्यांनी आधी सीमा दलाला सीमेवर राहू देण्याची मागणी करून पाहावी. ती स्वस्त आहे, कायद्यात बसते, आणि तिच्यासाठी एकाही पलटणीला युद्धाचा सराव सोडावा लागत नाही.

२४/
पंजाबात कुंपण आंतरराष्ट्रीय सीमारेषेच्या बरेच अलीकडे आहे. त्यामुळे हजारो शेतकऱ्यांची जमीन भारतातच, पण तारेच्या पलीकडे पडली आहे. सकाळी ठरलेल्या वेळी फाटक उघडते. जवान ओळखपत्र पाहतो, ट्रॅक्टर तपासतो, जेवणाचा डबा उघडून पाहतो, वहीत नाव लिहितो. शेतकऱ्यांबरोबर 'किसान गार्ड' म्हणून सशस्त्र जवान शेतात जातात आणि नांगरणी संपेपर्यंत बांधावर उभे राहतात. संध्याकाळी पुन्हा मोजणी होते. सकाळी गेले तितके परत आले, की फाटकाला कुलूप लागते.